जमणी बाजू

सुरतेत मला तीन वर्षं झाली होती आणि आपलं गुजराती फर्डं आहे असा माझा पक्का समज होता. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खात्यात मी गुजराती बोलू लागलो की सोबती हातातलं काम थांबवून ऐकायचे. मला वाटायचं, कौतुक करतात. आज हे सगळं लिहायला बसलो तेव्हा आधी हा समज कबूल करावा असं वाटलं, कारण माझ्यावर जी कृपा झाली ती माझ्या या गुजरातीमुळेच झाली. चांगल्या गुजरातीमुळे नव्हे.

प्लेगची धास्ती सरून दोनेक वर्षं झाली होती. वडील गेले, गावचं घर एकाकी झालं, म्हणून मायला मी सुरतेत, पर्वत पाटियाला मी नि बायको राहायचो त्या एका खोलीत आणलं. ती आली, पण राहिली नाही. म्हणजे अंगानं होती, पण गाठोडं दाराशी बांधलेलंच. त्या गाठोड्यात लाल फडक्यात गुंडाळलेला आमच्या कानबाईचा नारळ होता. श्रावणात आम्ही खानदेशी लोक त्या नारळालाच नथ-डोळे लावून घरात देवी बसवतो. मी म्हटलं, माय, यंदा कानबाई इथंच बसव. ती म्हणाली, "कानबाईले सुरतना रस्ता माहीत नही, भाऊ. ती आठे कशी येई?" सोमवारच्या गाडीनं परत जायचं तिनं ठरवून टाकलं. त्या रिकाम्या घरात ती एकटी कशी राहील या विचारानं माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आणि खरं सांगायचं तर देवीवरचा माझाही विश्वास तेव्हा जरा पातळच झाला होता. रस्ता माहीत नसलेली देवी काय कामाची, असं मनात येऊन गेलं.

हाती एक रविवार उरला होता. मी ठरवलं, मायला सुरतेचं जुनं वैभव दाखवायचं. एवढे किल्ले, एवढे घुमट पाहून तिचं मन फिरेल. सकाळी तापीकाठचा किल्ला दाखवला. ती म्हणाली, "भीत चांगली शे." भिंत चांगली आहे, एवढंच. मग कतारगामकडे नेलं. तिथं दोन मजली, खांबांची, घुमटांची एक देखणी इमारत दिसली. मी छातीठोकपणे सांगितलं, जुनं देऊळ आहे. माय देवाचं दर्शन झाल्याशिवाय तोंडात काही घालायची नाही. तिनं चपला काढल्या, फूल वाहिलं, प्रदक्षिणेला सुरुवात केली. दुसऱ्या फेरीला राखणदार धावत आला. "अरे काका, आ तो गोरा साहेबनी कबर छे!" मी मेल्याहून मेलो. माय मात्र फूल उचलायला वाकली नाही. म्हणाली, "राहू दे. त्याले तरी कोन फूल व्हातस?" पण दर्शन काही झालं नाही, म्हणजे जेवणही नाही. तिच्यापायी मीही उपाशी.

खात्यातल्या एका सोबत्यानं सांगितलं होतं, चलथाणच्या पुढे एक जुनी वाव आहे, तिच्याशेजारी माताजीचं ठाणं आहे. वाव म्हणजे पायऱ्यांची विहीर. मायला सांगितलं, वाव बघायला जाऊ. ती म्हणाली, "तुन्ही खोलीमा पाय पसराले वाव नही आनि दुसरानी वाव काय दखाडस?" तरी आली. बसमधून उतरलो तेव्हा दुपार टळत होती, आषाढाचा चिखल होता आणि माझ्या पोटात कावळे ओरडत होते. एका सायकलवाल्या आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "सीधा जजो, पछी जमणी बाजू."

माझे कान टवकारले. जमण म्हणजे जेवण, एवढं मला पाठ होतं. मायला म्हटलं, पुढे जेवणाची बाजू आहे म्हणे, भंडारा असणार! पुढे वाट फुटली. उजवीकडे नुसता ऊस. डावीकडे झाडांमागून धूर निघत होता. जेवण धुराखालीच असणार, म्हणून मी डावीकडे वळलो. जमणी म्हणजे उजवी, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

डावीकडे वाव नव्हती. एक पडकी धर्मशाळा होती, कोरीव लाकडी खांबांची, अर्धी कौलं गेलेली. ओसरीवर एक म्हाताऱ्या बा, म्हणजे आजी, चुलीवर लापशी ढवळत होत्या. मी पुढे होऊन माझं उत्तम गुजराती सुरू केलं. बांनी ते ऐकून घेतलं आणि मायकडे वळून म्हणाल्या, "आ शुं कहे छे, बेन?"

चारचौघांत मी मायला अहिराणी बोलू देत नसे. लोक हसतील म्हणून. तिनं पदर सावरला आणि सरळ म्हणाली, "काही नही बाई, भूक्या शे तो. आम्ही खान्देशमाईन उनूत."

बांच्या हातातला डाव थांबला. "खानदेशथी? तो तो तमे माना पियरनां!"

पियर म्हणजे माहेर, एवढं मला खरंच येत होतं. आम्ही म्हणे माताजीच्या माहेरचे. बा मायचा हात धरून आत घेऊन गेल्या. भिंतीतल्या कोनाड्यात शेंदरानं मढलेली वीतभर देवी होती. माय अहिराणीत विचारत होती, बा गुजरातीत सांगत होत्या, आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळत होतं. बांच्या घरात पिढ्यानपिढ्या सांगत आले होते की पूर्वी खानदेशची गाडी-बैलं माल घेऊन सुरतेला याच वाटेनं यायची, शेवटचा मुक्काम इथं असायचा. त्या गाडीवाल्यांनीच ही देवी बसवली. गावात तिला अजून खानदेशी मा म्हणतात.

माय किती तरी वेळ तिच्यापुढे हात जोडून उभी होती. मग मागं वळून माझ्याकडे पाहिलं आणि हसायला लागली. वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच. "इले रस्ता माहीत व्हता, भाऊ! आपलेच माहीत नव्हता!" आणि पदरानं डोळे पुसत पुन्हा हसली. बांनी देवीला लापशीचा नैवेद्य दाखवला आणि मग आम्हाला वाढली. मी तीनदा मागून घेतली. चौथ्यांदा मायनं चिमटा काढला.

घरी आल्यावर तिनं गाठोडं सोडलं. लाल फडक्यातला नारळ आमच्या फळीवर, पिठाच्या डब्याशेजारी ठेवला आणि बायकोला म्हणाली, "श्रावणले गहू दळी ठेव." कानबाईच्या नैवेद्याला. सोमवारची गाडी तिच्याविना गेली.

तो चमत्कार होता की एका भुकेल्या माणसाची चूक, यावर मी वाद घालत नाही. एवढंच कळलं, की वाट दाखवायला निघालो होतो मी, आणि मी अगदी पुरता चुकलो तेव्हा देवीनं आम्हाला दाराशी आणून उभं केलं. तेव्हापासून मी जरा कमी मिरवतो. दर श्रावणाआधी आम्ही तिकडे जातो. त्या फाट्यावर मी मुद्दाम थांबून मायला विचारतो, कुठली बाजू? ती म्हणते, "तू नको सांगू. तुन्हा पोटले इचार."