मामेसासरे आणि पाण्याची तक्रार

आमच्या मामेसासऱ्यांएवढा भांडखोर माणूस अमरावती-अकोल्याच्या पट्ट्यात दुसरा झाला नसेल, आणि दुसऱ्यांसाठी एवढी भांडणंही कुणी केली नसतील. अकोल्याकडच्या एका तालुक्याच्या गावी, नाव मुद्दाम सांगत नाही, ते नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात लोकांच्या तक्रारी नोंदवून घ्यायला बसत. नोंदवून घेण्याआधी तक्रार करणाऱ्यालाच झापत. नळाला मोटर का लावली, टाकी ओसंडून वाहत होती तेव्हा कुठं होतात, असं विचारून माणूस रडकुंडीला आला की सायकल काढून स्वतःच त्याच्या गल्लीत जात. गावातल्या कुणाचंही आडनाव त्यांना आठवत नसे. सगळी माणसं ‘दोन नंबरच्या व्हॉल्व्हवरची’ नाहीतर ‘शेवटच्या नळवाली’. माझ्या लग्नात पंगत बसलेली असताना हे मांडवामागं वाकून गळणारा पाइप शोधत होते. तो सापडल्यावर आहेरात मिळालेला नवाकोरा टॉवेल त्यांनी त्याला गुंडाळला. सासूबाईंनी त्यांच्याशी आठ दिवस अबोला धरला.

तीन वर्षांपूर्वी पालिकेनं हे सगळं काम एका परदेशी कंपनीला देऊन टाकलं. टाय लावलेले साहेब आले, फीत कापली, आणि यापुढं तक्रार एका नंबरवर करायची असं ठरलं. तो फोन कुठल्या शहरात उचलला जातो, हे पालिकेतही कुणाला सांगता येईना. मामेसासऱ्यांना जन्म-मृत्यूच्या नोंदी करायला बसवलं, आणि व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या तीन रोजंदारी माणसांना घरी पाठवलं. मी भेटायला गेलो तेव्हा ते जेवायलाही उठेनात. “मले खुर्ची देल्ली, मी बसलो,” ते म्हणाले. “पन ज्यायनं बारा वर्सं व्हॉल्व्ह फिरोला, त्यायले काहून काढलं?”

त्या उन्हाळ्यात कौसल्याबाई नावाच्या भाजीवालीच्या नळाला आठवडाभर थेंब आला नाही. तिनं नातीकडून चार वेळा फोन करवला, आणि चारही वेळा मोबाइलवर ‘तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा संदेश आला. शेवटी ती तो मोबाइल घेऊन जन्म-मृत्यूच्या खिडकीशी येऊन उभी राहिली. मामेसासऱ्यांनी तिथूनच नंबर लावला. पलीकडची मुलगी गोड हिंदीत पिनकोड विचारू लागली. तक्रार बंद झालेली असल्यानं पुन्हा घेता येत नाही, असंही म्हणाली. ती बोलते कुठून, असं यांनी विचारलं, तर ते सांगायची परवानगी नव्हती. यांनी फोन ठेवला, कपाटामागची व्हॉल्व्हची लांब लोखंडी चावी काढली, आणि खिडकी उघडी टाकून निघाले. अर्ध्या तासात कौसल्याबाईच्या गल्लीत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीनं, आमच्या कामात ढवळाढवळ झाली, अशी लेखी तक्रार केली. ही तक्रार मात्र संध्याकाळच्या आत निकाली निघाली. चावी जमा झाली, मामेसासऱ्यांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. उत्तरात त्यांनी एकच ओळ लिहिली: ‘पाणी पाहिजे होते म्हणून दिले.’ त्यापायी त्यांची एक वेतनवाढ रोखली. जी माणसं पाण्यासाठी आठवडाभर ताटकळली, त्यांच्याबद्दल मात्र कुणालाच कारण दाखवावं लागलं नाही. हे सांगताना मला आजही संताप येतो.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. मागच्या महिन्यात गेलो, तर ओसरीवर दोन बाया बसल्या होत्या आणि हे त्यांच्या नळाची हकिगत वहीत उतरवत होते. त्या गेल्यावर, ही वही आता वाचतं कोण, असं मी विचारलं.

“कोनी नाई वाचत, जवाई,” ते म्हणाले. “पन त्या सांगून राहिल्या, त कोनं तरी आयकाले पायजे का नाई?”

मग चष्मा काढून त्यांनी शर्टाच्या टोकानं काचा पुसल्या, आणि वही पुन्हा उघडली.