मंडईला गेले ती राहिलेच

आरमोरीजवळच्या एका मोठ्या गावात मला शिक्षिकेची नोकरी लागली तेव्हा नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. नोकरी मिळाली, खोली मिळेना. आमच्याकडे भाड्याच्या खोलीची पाटी कुणी लावत नाही. पानठेल्यावर विचारायचं, पानवाला बोट दाखवतो, त्या घरी जायचं. घरची बाई पाणी देते, कुठल्या, कोणाच्या, सगळं विचारते आणि मग आडनाव. माझं आडनाव ऐकलं की त्या खोलीत नेमका कुणाचा तरी भाचा शिकायला येणार असायचा. त्या वर्षी गावात इतके भाचे येणार होते की शाळेला नवे वर्ग बांधावे लागले असते.

हसू यायचं आणि संतापही. अब्बा गेल्यापासून अम्मी चंद्रपुरात एकटी होती, तिचा दमा वाढत चालला होता. मी वडशाला मावशीच्या भरल्या घरात एक कोपरा धरून राहायचे आणि रोज एसटीने शाळेत यायचे. खोली मिळाली की तुला घेऊन जाते, असं अम्मीला दर खेपेला सांगायचे आणि मान खाली घालायचे. मान मी का खाली घालते, असं एकदा मनात आलं आणि मग ते डोक्यातून जाईना.

दिवाळीनंतर गावाची मंडई आली. मंडई म्हणजे आमच्या झाडीपट्टीची जत्रा. बाजार, दंडारीचा खेळ, नाटक आणि घरोघर पाहुणे. मंडईला दारात आलेल्या माणसाला जेवू घातल्याशिवाय, मुक्कामाला ठेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, ही रीत. त्या वर्षी गावच्या मंडळाने मंडईला जोडून दुपारी सर्वधर्म मेळावा ठेवला. गोंड मुलींनी रेला नाच केला, सिरोंच्याकडच्या एका मुलीने तेलुगू गाणं म्हटलं, कव्वाली मी बसवली होती. अम्मी खास ती पाहायला आली होती.

मंडळाचे अध्यक्ष भातगिरणीचे मालक. त्यांच्या मागच्या अंगणातली खोली मी जूनमध्ये मागितली होती. भाचा येणार होता, हे सांगायला नको. कव्वालीला टाळ्या पडल्या तसे ते माइकवर आले.

"आज मंडई हाय," ते म्हणाले. "कोण्याही जातीचा, कोण्याही धर्माचा माणूस येवो, माह्या घराचं दार उघडं हाय. पाह्यजे तेवढे दिवस राहा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात मी वाजवल्या. मग अम्मीला घेऊन वडशाला गेले, माझी पेटी आणि वळकटी एसटीच्या टपावर टाकली आणि दिवस मावळायच्या आत अध्यक्षांच्या ओट्यासमोर येऊन उभी राहिले. ओटा पाहुण्यांनी भरला होता. अध्यक्ष बशीने चहा पीत होते. पेटी पाहून त्यांनी बशी खाली ठेवली.

"भाऊ, मंडईला आलो," मी म्हटलं.

"या ना मॅडम, या," ते म्हणाले. चारचौघांत दुसरं काय म्हणणार? घरात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून आमची सोय मागच्या खोलीत झाली. तिथे भाचा तर नव्हताच, त्याची चप्पलसुद्धा नव्हती.

अम्मी लाजेने अर्धी झाली होती. पण तिला हात बांधून बसणं जमत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती अध्यक्षांच्या बायकोजवळ चुलीपाशी बसली आणि वडे तळू लागली. नातेवाईक खात होते, आणखी मागत होते. तळणाऱ्या हाताची जात कुणी विचारली नाही. भूक लागली की लोक फार उदार होतात.

तिसऱ्या दिवशी पाहुणे आपापल्या गावी गेले. आम्ही नाही गेलो. अध्यक्ष अंगणात येऊन खाकरले.

"मॅडम, मंडई झाली."

"हो भाऊ. आता भाडं सांगा."

"लोक काय म्हणतीन?"

घरातून त्यांची बायको म्हणाली, "लोक दोन दिवसापासून त्या बाईच्या हातचं खाऊन राह्यले. काई म्हणाले का?"

 अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले, "राहा. पण कोणी पुसलं तर पाहुणे हाओ म्हणून सांगजा."

अम्मीने माझा पदर ओढला. मान जा बेटी, छत तो मिल रहा है. मला तिचं पटत होतं, तिचा रात्रीचा खोकला मीच ऐकत होते. तरी मी मानलं नाही. पाहुणी म्हणून मला कुणीही ठेवलं असतं, मेळाव्यात स्टेजवर बसवलं असतं, शाल दिली असती. पाहुण्याला कधीही जा म्हणता येतं. मला दर महिन्याला भाडं द्यायचं होतं आणि इथे राहते असं सांगायचं होतं.

"पाहुणी नाही भाऊ. भाडेकरू म्हणून सांगा, आणि तुम्हीच सांगा."

संध्याकाळी ओट्यावर मंडळाची माणसं चहाला बसली होती. मी मुद्दाम दारात जाऊन उभी राहिले. अध्यक्षांनी एकदा माझ्याकडे, एकदा घरात पाहिलं. आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

"ह्या मॅडम आपल्या मागच्या खोलीत भाड्यानं राह्यतात," ते म्हणाले.

मंडळाचे खजिनदार कप तसाच ठेवून उठून गेले. बाकीच्यांनी चहा संपवला. अम्मीने त्या रात्री पहिल्यांदा तिचे कपडे पिशवीतून काढून खुंटीवर लावले.

खजिनदारांची रस्त्याकडची खोलीही रिकामीच होती. पुढच्या मंडईला मी त्यांच्या घरी जेवायला गेले. सोबत दवाखान्यात नवी आलेली एटापल्लीकडची माडिया आदिवासी नर्स होती, आणि तिची पेटी.