ओवाळणीत मागितलेली गाडी

ज्या माणसाने मांडवात माझे पाय धुतले, त्याच्या गाडीला हात लावायला मला दहा वर्षं लागली. खरं तर गाड्यांना हात लावणं हाच माझा धंदा. पुण्याच्या एका वर्कशॉपात सहा वर्षं रंगकाम आणि पॉलिश शिकून मी आळेफाट्याला शेड टाकली होती. कांद्याचे टेम्पो, दुधाच्या गाड्या, नवी जीप घेतलेले बागायतदार, सगळ्यांच्या गाड्या मी चकाचक करून दिल्या. सासऱ्यांची तेवढी राहिली.

मुलगी बघायला घोडेगावला गेलो, तेव्हाच ती गाडी मी पहिल्यांदा पाहिली. बायको आजही चारचौघांत सांगते की हा माणूस मला बघायला आला आणि चहा येईपर्यंत दारातली गाडीच बघत बसला. ते खरं आहे. अंगणात जांभळीखाली पन्नास-बावन्न सालची एक विलायती गाडी उभी होती, पाठीला गोलाई, पुढे वाटोळे दिवे. त्यांच्या आणि आमच्या, दोन्ही तालुक्यांत तसली दुसरी नव्हती. पुण्यातही मी एकच पाहिली होती आणि तीही विटांवर उभी. सासरे ऑइल इंजिनं दुरुस्त करणारे मिस्त्री. धरणाच्या कामावरच्या एका साहेबाने बदली होताना ही बंद पडलेली गाडी त्यांना देऊन टाकली होती आणि त्यांनी दोन वर्षं खपून ती चालू केली होती. रंग मूळचाच होता, हिरवा. नेमका कुठला हिरवा ते सांगता आलं नसतं, कारण दुधावर साय धरावी तसा त्यावर पांढुरका थर बसला होता.

तो थर कशाने बसला हेही तिथेच कळलं. जुन्या धोतराचा बोळा रॉकेलमध्ये बुडवून सासरे माझ्या डोळ्यांदेखत गाडी पुसत होते. आधी धूळ धुवायची असते हे त्यांच्या गावीही नव्हतं. वरून खोबरेल तेलाचा हात. तास-दोन तास गाडी चमकायची, मग त्या तेलावर अंगणातली सगळी माती येऊन बसायची आणि दुसऱ्या दिवशी तीच माती बोळ्याखाली रंगावर घासली जायची. "अहो, थांबा" एवढं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मुलगी बघायला गेलेल्याने मुलीच्या बापाला अक्कल शिकवायची नसते. मी निमूट पोहे खाल्ले.

लग्न झाल्यावर बोलता येईल असं वाटलं होतं. झालं उलटंच. आधी मी पाहुणा तरी होतो, आता जावई झालो. सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात, बायको वडिलांना दादा म्हणते. हे मामा मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नसत. पहिला नातू होईपर्यंत त्यांनी लेकीच्या घरचा चहा घेतला नव्हता. अधिक महिन्यात मला पाटावर बसवून धोंडे वाढले जायचे, आणि उघड्या दारातून मला दिसायचं की मामा बोळा घेऊन बॉनेटवर गोल गोल फिरवतायत. मी पुरणात तूप कालवत बसायचो.

"मामा, आठ दिवस गाडी माझ्याकडे द्या," मी दर वर्षी म्हणायचो.

"काय बोलता पावणं. जावयाकून गाडी पुसून घेऊ? लोक त्वांडात श्यान घालतील माझ्या."

जुन्या गाडीचा रंग मुळात पातळ. चमक आणायची म्हणजे वरचा मेलेला पापुद्रा घासून काढायचा आणि खालचा जिवंत रंग उघडा करायचा. म्हणजे दर वेळी थोडा रंग जातो, आणि गेलेला परत येत नाही. किती शिल्लक आहे ते ओळखून हात थांबवणं हीच सगळी कला. हे मी मामांना एकदा समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, त्यांना पटलंही. आणि पुढच्या महिन्यात त्यांनी मंचरजवळच्या रस्त्याकडेच्या एका पॉलिशवाल्याला गाडी दिली. का, तर मला त्रास नको. त्या पठ्ठ्याने रबिंगची जाड, खरखरीत पेस्ट लावून असं मशिन फिरवलं की बॉनेटच्या दोन्ही कडांना खालचं तांबडं अस्तर दिसायला लागलं. मी ते पाहिलं आणि घरी येऊन बायकोवर ओरडलो. तिचा काय दोष होता? पण बापावर ओरडता येत नव्हतं, मग लेकीवर ओरडलो.

मग मामांचे डोळे जायला लागले. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. ही साखर होती, आत पडद्यापर्यंत गेलेली. उजवा डोळा गेल्यातच जमा होता. डाव्याला पुण्यात लेझर केलं. डॉक्टर म्हणाले, "आहे तेवढं जपा. किती दिवस राहील ते मी सांगू शकत नाही." पेपर वाचणं बंद झालं होतं, पण माणूस ओळखू यायचा, रंग कळायचे. त्या दिवशी परतताना बायको एसटीत मला म्हणाली, "दादांना त्यांची गाडी एकदा नव्यासारखी दिसली पाहिजे. मग काय व्हायचं ते होऊ दे."

युक्ती तिचीच. दिवाळीच्या पाडव्याला लेक बापाला ओवाळते. तिने ओवाळलं, मामांनी तबकात साडीचा पुडा ठेवला, तशी ती म्हणाली, "साडी नको दादा. गाडी द्या."

मामा हसले. "तुला गं कशाला? चालवता येतीय का?"

"नाही येत. तरी द्या."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॅलेंडरकडे पाहत राहिलो. ओवाळणीला नाही म्हणत नाहीत. ते उठले, चाचपडत खुंटीवरची किल्ली काढली आणि निरांजनाशेजारी ठेवली. "आता तुझी झाली. मला परत आणून द्यायची न्हाई. दिल्याली वस्तू माघारी घेत न्हाईत."

"गाडी माझी, पण ती राहणार माझ्या माहेरी," बायकोने ठणकावलं. आता गाडी तिची, म्हणजे मी काम करणार ते माझ्याच घरच्या गाडीचं. सासऱ्याची सेवा झाली नाही आणि कुणाच्या तोंडात शेणही गेलं नाही. आळेफाट्याला गाडी नेताना नारायणगाव येईपर्यंत आम्ही दोघं हसत होतो. दहा वर्षांचा पेच एका तबकात सुटला होता. आपण काय केलं ते आम्हाला तेव्हा कळलं नाही.

नवा रंग मारायचा असता तर आठवड्यात गाडी तयार झाली असती. पण मग तो हिरवा कुठला तरी दुसराच झाला असता, आणि मामांना बघायचा होता तो त्यांचा. मूळचाच जगवायचा ठरला. वाळून कोरडा पडलेला जुना रंग लगेच घासला तर तडकतो. आधी साबणाने रॉकेल-तेलाची पुटं काढली. मग मऊ पॉलिश हाताने लावून तसंच एक दिवस मुरू द्यायचं, दुसऱ्या दिवशी पुसायचं, पुन्हा लावायचं. फडकं हिरवं होऊन यायचं. असं दोन-तीन आठवडे. त्यानंतर मशिन, तेही फोमच्या पॅडवर, कडांना चिकटपट्टी लावून, वीतभर जागा एका वेळी. मंचरवाल्याने जाळलेल्या कडा तर बोटाने केल्या.

त्यात लाइट. त्या वर्षीचं लोडशेडिंग आठवलं की अजून डोकं फिरतं. दिवसातला निम्मा वेळ लाइट नाही, आणि असायची तेव्हा दाब असा कमी की मशिन रडत फिरायचं. जनरेटरवाल्याकडे तीन गावांच्या लग्नांची रांग. पॉलिश लावून ठेवावं आणि लाइट जावी, ते वाळून दगड व्हावं, की पुन्हा पहिल्यापासून. मी वीज मंडळाच्या ऑफिसात जाऊन एकदा तावातावाने भांडलो. तिथला माणूस शांतपणे म्हणाला, "भाऊ, माझ्या घरी तरी कुठंय लाइट?" भांडायलाही कोणी उरलं नव्हतं.

मामा गाडी बघायला येत नसत. बायको फोनवर बोलवायची. ते म्हणायचे, दिलेल्या वस्तूच्या मागं मागं फिरायचं नसतं, हावऱ्यासारखं दिसतं. संक्रांतीला मात्र आले. एकटेच, एसटी बदलून, हातात तिळगुळाची पुडी. त्या डोळ्यांनी एवढा प्रवास केला आणि म्हणाले, नातवाला तिळगूळ द्यायला आलो. नातू शाळेत होता. ते सरळ शेडच्या दारात येऊन उभे राहिले. गाडीवर मी चादर टाकली होती.

"झाकलीय व्हय," ते म्हणाले.

"काम चालू आहे मामा. आत्ता बघू नका. पूर्ण झाल्यावर एकदमच बघा."

"बरं. तुमचं काम तुमाला ठावं."

त्यांनी चहा घेतला, थोडा वेळ चादरीकडे तोंड करून बसले आणि चारच्या गाडीने परत गेले. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. वाटेत आम्ही कांद्याच्या भावावर बोललो.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा फोन आला. "त्यांच्या डोळ्यात रक्त उतारलंय. सकाळी उठले तर समदं काळंच." पुन्हा पुणं, पुन्हा तेच डॉक्टर. या वेळी त्यांनी जपा असंही सांगितलं नाही.

मी काम थांबवलं नाही. थांबवून तरी काय करणार होतो? उरलेलं छप्पर आणि डिकी तीन आठवड्यांत पुरी केली. आयुष्यात इतकं चांगलं काम मी त्याआधी केलं नव्हतं आणि नंतरही नाही. चैत्रातल्या सकाळी गाडी शेडबाहेर काढली तेव्हा तो हिरवा पहिल्यांदा दिसला, भरल्या विहिरीत ऊन उतरलं की खोलवर दिसतो तसा. रस्त्यावरचे दोन ट्रकवाले थांबून बघत राहिले. मला त्यांचा राग आला. ज्याच्यासाठी केलं त्याला सोडून सगळ्या जगाला दिसत होती.

घोडेगावच्या अंगणात गाडी वळली तेव्हा मामा ओट्यावर होते. इंजिनाच्या आवाजावरच उठले. "टॅपेटं वाजत्यात जरा," म्हणाले. बायको त्यांना हाताला धरून गाडीपाशी घेऊन आली. त्यांनी आधी दोन्ही तळवे धोतराला पुसले, मग बॉनेटवर टेकवले, आणि लगेच उचलले. "डाग पडंल," म्हणाले. मी म्हटलं, "पडू द्या." पण त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

मी त्यांना डाव्या बाजूला बसवलं आणि बाजारपेठेतून गाडी काढली. बायको मागे बसली होती. बाजाराचा दिवस होता. लोक भाजीच्या पिशव्या घेऊन जागच्या जागी थांबत होते, एका दुकानदाराने बाहेर येऊन हात केला.

"लोक बघत्यात का?" मामांनी विचारलं.

"बघतायत मामा. सगळे बघतायत."

ते ताठ बसले. टोपी सारखी केली. पेठ मागे पडल्यावर डिंभ्याच्या रस्त्याला वर्दळ कमी झाली, तसे खिडकीकडे तोंड करून बोलले, "पावणं, राग मानू नका. काम तुमी झ्याक केलं असंल. पण गाडी दारात असती ना, तर शिमग्यापत्तूर रोज दिसली असती मला. तशी रॉकेलची का व्हईना."

मागून बायकोच्या नाक ओढण्याचा आवाज आला. संक्रांतीला ते शेडच्या दारात उभे होते, तेव्हा गाडीचं डावं दार पूर्ण झालं होतं. आदल्याच दिवशी त्यावर हात फिरवून मी स्वतःवर खूश झालो होतो. चादरीचं एक टोक उचललं असतं तर त्यांना त्यांचा हिरवा दिसला असता. पण बाकीची गाडी ठिगळासारखी दिसली असती, आणि अर्धवट काम दाखवायची मला लाज वाटली. हे मी बायकोला आजपर्यंत सांगितलेलं नाही. मामांनी खिडकीतून हात बाहेर टाकला होता आणि त्यांची बोटं त्या दाराच्या पत्र्यावर हलकेच फिरत होती. मी गाडी सावकाश चालवत राहिलो.