साडूंची न सांडणारी डबी

महाड आणि पोलादपूर हे दोन्ही तालुके पिंजून काढले तरी माझ्या साडूंइतका त्रासदायक सज्जन सापडायचा नाही. दुर्जनाचा हेवा करणं सोपं असतं. चारचौघांत त्याला नावं ठेवली की मन मोकळं होतं. सज्जनाचा हेवा करणाऱ्याला तोंड उघडायची कुठे सोयच नसते. माझं लग्न झाल्यानंतर दोन वर्षांनी हे धाकटे जावई म्हणून त्या घरात आले आणि तेव्हापासून मी या अडचणीत आहे. धोंड्याच्या महिन्यात सासूबाई आम्हा दोघांना शेजारी शेजारी बसवून अनारसे वाढायच्या. माझ्या ताटातले अनारसे खाण्यालायक असत. त्यांच्या ताटातले जाळीदार असत. घाणा एकच होता, असं सासूबाई म्हणायच्या. असेल. मी रसायनशास्त्र शिकवतो. एकाच कढईतून दोन वेगळे पदार्थ निघू शकतात एवढं मला ठाऊक आहे.

साडूंचं महाडच्या बाजारपेठेत चष्म्यांचं दुकान. त्यांना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, नंबर राहतात. 'उणे साडेतीनच्या घरी मुलगा झाला' किंवा 'अधिक दोनचं आणि त्याच्या भावाचं फाटलं' अशा बातम्या ते अगदी सहज देतात. माणसाच्या चेहऱ्याकडे ते बघतच नाहीत, थेट डोळ्यांत बघतात. एकदा आम्ही एका घरी समाचाराला गेलो होतो. गेलेल्या गृहस्थांचा मुलगा वडिलांचे शेवटचे दिवस सांगत होता. मी योग्य तेवढी मान हलवत होतो. साडूंनी त्याची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला आणि डाव्या डोळ्याची लाली रडण्याची नाही, थेंब घालावे लागतील, असं सांगितलं. दुसऱ्या कुणाला त्या घरानं पायरीवरून खाली उतरवलं असतं. तो मुलगा आठवड्यानं दुकानात येऊन यांचे आभार मानून गेला. माझ्या मान हलवण्याबद्दल अजून कुणी आभार मानलेले नाहीत.

कुडपणच्या पठारावरची एक म्हातारी वर्षानुवर्षं त्यांच्याकडे डोळे दाखवायला यायची आणि दर वेळी चष्मा न घेता जायची. शेवटी एकदाचा तिनं तो घेतला, नाकावर चढवला आणि यांच्याकडे टक लावून बघत राहिली. "तू तं म्हातारा झालास रे," ती म्हणाली. "मला वाटत व्हतं, पोरगाच हाय अजून." हा किस्सा ते येणाऱ्या प्रत्येकाला आनंदानं सांगतात. स्वतःच्या म्हातारपणाची बातमी इतक्या हौसेनं वाटणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आणखी एक खोड म्हणजे हाताला लागेल ती वस्तू उलटी करून बघायची. तेलाची बाटली, शाईचं पेन, सासूबाईंच्या देवघरातला गंगेचा गडू, काहीही. गळतं का बघतो, म्हणायचे. गंगा गळली तेव्हा सासूबाई हसल्या. त्याच घरात माझ्या हातून ताकाचा पेला कलंडला होता, तो प्रसंग आमच्या बायकोनं अजून जपून ठेवला आहे.

हे सगळं मी सोसलं असतं. पण त्यांनी माझी मुलगी पळवली.

मुलगी कबड्डी खेळायची. चढाईला उत्तम, आणि नंबर उणे आठ. चष्मा लावून कबड्डी खेळता येत नाही आणि चष्म्याशिवाय तिला मध्यरेषा दिसत नाही. म्हणून पुण्याच्या डॉक्टरांनी लेन्स दिल्या. लेन्स धुवायच्या नेहमीच्या औषधानं तिचे डोळे टोमॅटोसारखे व्हायचे, तेव्हा त्यांनी दुसरं औषध दिलं, हायड्रोजन पेरॉक्साइडचं. ते तसंच डोळ्यात गेलं तर आग होते. म्हणून त्याच्या डबीत प्लॅटिनमचा लेप दिलेली एक चकती असते. रात्रभरात ती औषधाचं साधं पाणी करते आणि उरलेला प्राणवायू बुडबुड्यांनी निघून जातो. तो जावा म्हणून झाकणाला बारीक भोक असतं.

त्या भोकानं आमच्या घराची शांतता घालवली. डबी टेबलावर उभी असली की सगळं ठीक. पण सामन्यांसाठी रात्रीचा प्रवास करायचा तर ती बॅगेत आडवी व्हायची, औषध सांडायचं, आणि पेरॉक्साइडला रंग उडवायची आवड असल्यामुळे मुलीच्या जांभळ्या जर्सीवर पांढरे ठिपके पडायचे. आमच्या घरात झाकणाला भोक असलेली वस्तू म्हणजे बिघडलेली वस्तू. बायकोनं त्या भोकावर चिकटपट्टी लावली, वरून आणखी एक लावली आणि झाकण गच्च पिळून दिलं. वीर स्टेशनकडे जाणाऱ्या रिक्षात बॅगेतून बार निघाला. रिक्षावाल्यानं टायर बघायला गाडी थांबवली. एक लेन्स शेंगदाण्याच्या चिक्कीला चिकटलेली मिळाली, दुसरी मिळालीच नाही. मुलगी एका डोळ्यानं खेळली, चढाईवरून परतताना मध्यरेषेऐवजी बाजूच्या रेषेवर गेली आणि बाद झाली. ती संघातून वगळली गेली. त्या वयोगटात तिला अजून एकच वर्ष होतं, म्हणजे निवडीची एकच संधी.

घरी आल्यावर ती माझ्याशी बोलली नाही. रसायनशास्त्राच्या मास्तराच्या घरात प्राणवायू कोंडून मारला गेला, यावर बोलण्यासारखं काही नव्हतंही. ती सरळ दुकानात गेली. "मावसा, तू कर ना काहीतरी," म्हणाली. मला ती 'अहो बाबा' म्हणते. मावशीच्या नवऱ्याला 'तू'. या एका अक्षराचा हिशेब मी पुष्कळ वर्षं करतो आहे.

त्या दिवसापासून साडूंनी चष्म्यांकडे बघणं सोडलं. शेजारच्या फोटो स्टुडिओतून रोलच्या काळ्या डब्या आणल्या. त्यांची झाकणं छताला लागू लागली. एक झाकण एका गिऱ्हाइकाच्या नव्या फ्रेमवर आपटलं, तर त्यानं काच किती मजबूत आहे म्हणून समाधान व्यक्त केलं. मग सायकलच्या व्हॉल्वची बारीक रबरी नळी आणली. चाकात हवा आत जाऊ द्यायची आणि बाहेर येऊ द्यायची नाही, हे तिचं काम. यांनी ती उलट्या बाजूनं बसवली. गॅसचा जोर झाला की रबर फुगून वाट देई आणि लगेच मिटे. उभी असताना डबी अगदी शहाण्यासारखी वागली. उलटी केली तर गॅस वरच्या बाजूला साठला आणि त्यानं पाणीच बाहेर ढकललं. साडूंच्या शर्टावर पांढरा नकाशा उमटला. तो शर्ट ते पुढे वर्षभर घालत होते.

एका रविवारी ते माझ्याकडे आले. औषधातून गॅस निघतो तरी किती, असं त्यांनी विचारलं. जेवढं औषध त्याच्या साधारण दहापट, असं मी सांगितलं. हे बाटलीवरचा आकडा वाचून अकरावीच्या मुलालाही सांगता येतं. पण दुसऱ्या दिवसापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगू लागले, की सगळा हिशेब सरांचा, मी आपला हमाल. हेवा करणाऱ्याची याहून क्रूर थट्टा नाही. मी निदान एक दिवस तरी स्वतःहून काही शोधावं म्हणून घरी परीक्षानळी घेऊन बसलो. बायकोनं येऊन विचारलं, की त्यापेक्षा भावोजींना मदत का करत नाही?

शेवटी उत्तर त्यांना शाळेतल्या दौतीनं दिलं. उलटी केली तरी शाई न सांडणारी दौत आमच्या लहानपणी मिळायची. तिच्या तोंडाची नळी आत मधोमध उतरलेली असे. साडूंनी वायूची नळी तशीच डबीच्या बरोबर मध्यावर आणून सोडली आणि औषध निम्म्याहून थोडं कमी भरलं. आता डबी कशीही पडो, नळीचं तोंड हवेतच. फक्त एवढी जागा हवी म्हणून डबी चांगली पावशेर दुधाच्या भांड्याएवढी झाली. लेन्स केवढी, तिचं घर केवढं, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "सर, माणसाचंही तसंच असतं की." मला वाटतं ते माझ्या बंगल्याबद्दल बोलत नव्हते. तसं बोलायचं त्यांना सुचत नाही.

मग चाचणी. डबी टीपकागदात गुंडाळून, पिशवीत मुद्दाम उलटी टांगून ते एसटीनं पोलादपूरला, तिथून उमरठला, परत येऊन कुडपणकडे, असे घाटवळणं घेत हिंडू लागले. काम काही नव्हतं. दर थांब्याला पिशवीत हात घालून कागद चाचपायचे आणि हात नाकाशी नेऊन हुंगायचे. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय त्यात? अंडी?" हे म्हणाले, "पोरीचे डोळे आहेत." कंडक्टरनं शेजारची सीट रिकामी करून दिली. हे मला त्याच कंडक्टरनं सांगितलं. मी त्या रस्त्यानं वर्षानुवर्षं प्रवास करतो, माझ्यासाठी कुणी सीट रिकामी केलेली नाही.

निवड चाचणीला आम्ही तिघं रात्रीच्या गाडीनं गेलो. सकाळी मैदानाच्या कडेला मुलीनं बॅग उघडली. डबी उलटीच पडली होती. टीपकागद कोरडा. साडूंनी तो दोनदा चाचपला आणि हात नाकाशी नेऊन हुंगला. तिनं लेन्स घातल्या, डोळे मिचकावले, मान वर केली. मी जरा पुढे सरकलो होतो, हे कबूल करतो.

"मावसा," ती म्हणाली, "तुझ्या कानात केस आहेत."

ते दोघं हसत सुटले. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, येते मी," आणि मैदानात उतरली. त्या दिवशी तिच्या चढाया अशा झाल्या की समोरच्या पोरी तिचा पाय शोधत होत्या आणि ती मध्यरेषेवर परत पोचलेली असायची. तिची निवड झाली. मी टाळ्या वाजवत होतो. साडू मैदानाकडे पाठ करून डबी धूत होते.

पुढे गावातल्या एका मंडळानं त्यांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, आणि अध्यक्षांचं भाषण, ज्यात डबीचा उल्लेख सोडून कोकणच्या मातीतल्या सगळ्या गुणांची यादी होती. शेवटी प्रात्यक्षिक. साडूंनी भरलेली डबी अध्यक्षांच्या पांढऱ्याशुभ्र सफारीवर उलटी धरली. मी पहिल्या रांगेत होतो. देवाकडे मी सहसा काही मागत नाही. त्या दिवशी एक थेंब मागितला. सांडला नाही. साडूंनी माइक घेतला आणि हिशेब सरांचा आहे म्हणून मला वर बोलावून स्वतःची शाल माझ्या खांद्यावर घातली. ती अजून माझ्या कपाटात आहे. उबदार आहे.

आता मुलगी पुण्यात नोकरी करते. मागच्या वर्षी तिनं लेझरचं ऑपरेशन करून घेतलं. चष्मा गेला, लेन्स गेल्या. ते तिनं पहिल्यांदा मला फोन करून सांगितलं. "बाबा, मावसाला तुम्हीच सांगा. मला नाही सांगवणार."

साडूंकडे नसलेली बातमी आयुष्यात एकदा माझ्याकडे आली. ती घेऊन मी ताठ मानेनं बाजारपेठेत गेलो. दुकानात ते भिंगाखाली काहीतरी कोरत होते. नवी डबी, अंगठ्याएवढी. इतक्या वर्षांनी ती लहान करण्याची युक्ती त्यांना साधली होती. "सर, आता ही पर्समध्येसुद्धा मावेल," ते म्हणाले.

मी बराच वेळ भिंतीवरच्या अक्षरांचा तक्ता वाचत बसलो. खालच्या दोन ओळी मला अलीकडे दिसत नाहीत. मग मी त्यांच्या तपासणीच्या खुर्चीत जाऊन बसलो आणि माझ्या डोळ्यांना लेन्स बसेल का म्हणून विचारलं.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "परवा फोनवर तिला नंबर विचारला," ते म्हणाले, "तर पोरगी भलतंच काहीतरी बोलत राहिली. तेव्हाच कळलं मला." म्हणजे तीही बातमी माझी राहिली नव्हती.

"बसेल का?" मी पुन्हा विचारलं.

त्यांनी हात धुतले, पुसले. अंगठ्यानं माझी पापणी वर धरली आणि चेहरा इतका जवळ आणला, की त्यांच्या श्वासाला लवंगेचा वास येतो हे मला प्रथमच कळलं. माझ्या डोळ्यांत इतक्या जवळून, इतक्या काळजीनं कुणी बघितल्याचं मला आठवेना. पोर या खुर्चीत येऊन बसायची ती काय उगीच नाही. कानातले केस मलाही दिसले.

"वर बघा, सर," ते म्हणाले. "पाणी येऊ द्या. पहिल्यांदा येतंच."