बारीत न फोडलेला नारळ

देवावर तुझा विश्वास आहे का, असं त्या श्रावणात मला कोणी विचारलं असतं, तर मी उत्तर न देता खिशातून एक पत्रक काढून त्याच्या हातावर ठेवलं असतं. ते मीच लिहिलं होतं. धुळ्याच्या एका लहानशा छापखान्यात मी मुद्रितं तपासायचो आणि मालकांच्या परवानगीने उरल्यासुरल्या कागदावर माझी पत्रकं छापून घ्यायचो. त्या वर्षीचं पत्रक नारळांवर होतं. देवापुढे फुटणारं खोबरं शाळेतल्या पोरांच्या पोटात गेलं तर देश उभा राहील, असं त्यात ठणकावून सांगितलं होतं. बाजारपेठेत उभा राहून मी ते स्वतः वाटलं. संध्याकाळी एका दुकानदाराने त्याच पत्रकात गुंडाळून गिऱ्हाइकाला नारळ दिलेला मी पाहिला. त्याचा राग बरेच दिवस माझ्या मनात होता.

आणि त्याच श्रावणात मी आमच्या घरच्या देवीला, आईच्या मांडीवर बसवून, भाड्याच्या मोटारीतून दुसऱ्या राज्यात घेऊन गेलो. हे कसं घडलं ते जसं आठवतं तसं लिहितो.

आमची देवी म्हणजे कानबाई, आणि आमची कानबाई म्हणजे एक नारळ. पिढ्यान्‌पिढ्या जपलेला, काळा पडलेला, हातात घेतला तर पिसासारखा हलका. नागपंचमीनंतरच्या रविवारी त्याला नथ घालायची, डोळे रेखायचे, चौरंगावर केळीच्या खुंटांमध्ये बसवायचं, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी नदीवर न्हाऊ घालून परत आणायचं. गव्हाचे रोट होतात. ते सगळ्या भाऊबंदांनी एकत्र बसून खायचे. कुळाबाहेर रोटाचा तुकडासुद्धा जात नाही. शेजारचं लेकरू दारात उभं असलं तरी त्याला दुसरं काही देतात, रोट नाही. आणि कानबाई कोणी बाजारातून आणून बसवू शकत नाही. कुळातल्या वडीलधाऱ्यांनी ती ओटीत घालावी लागते.

त्या वर्षी माझा थोरला भाऊ, आमचा दादा, सेंधव्याला अडकला होता. तिथल्या जिनिंगमध्ये तो कामाला होता. कापसाच्या गाठीवरून पडून त्याचा पाय मोडला आणि मांडीपर्यंत प्लास्टर चढलं. आईने जाहीर केलं की थोरल्या मुलाशिवाय रोट मोडायचा नाही. तो येत नसेल तर कानबाई त्याच्याकडे जाईल. भाऊबंदांत गडबड उडाली. सेंधवा म्हणजे मध्यभारत, वेगळं राज्य, मध्ये सातपुड्याची बारी, म्हणजे घाट. चुलते नाना आमच्या ओसरीवर येऊन बसले.

"वहिनी, कानबाई बारी चढस नही," ते म्हणाले.

"ती कशाला चढी? मी मांडीवर लई जासू."

"आन दिवे लागाना आत नही बठनी तं? मंग वरीसभर घर उघडं पडी."

"तं ते मन्हा माथावर," आई म्हणाली, आणि पदर खोचून आत गेली.

सगळ्या घराण्यासमोर आईने शब्द दिला होता. रविवारी दिवेलागणीच्या आत कानबाई दादाच्या घरी चौरंगावर बसली पाहिजे. नाही बसली तर पुढे वर्षभर कुणाचं ढोर मेलं, कुणाला ताप आला, तरी बोट आईकडे वळणार. मला देवीची नव्हे, त्या बोटाची चीड आली. एसटीच्या गर्दीत ती देवी घेऊन उभी राहणार नाही, हे तिने सांगितलंच होतं. मी म्हणालो, "मोटार मी चालवतो."

मला मोटार येत होती, हे खरं. पहिल्या निवडणुकीत आमच्या पक्षाची जीप मीच चालवली होती. पण वर कर्णा बांधलेला, मागे घोषणा देणारे, पुढे गुरं. त्या जीपने पायी चालणाऱ्या माणसाच्या पुढे कधी धाव घेतली नव्हती. भाड्याच्या गाडीला तर मी कधी हातही लावला नव्हता, आणि आपल्या मुलखाबाहेर पाऊलही टाकलं नव्हतं. छापखान्याला सुट्टी होती. मी गॅरेजवाल्या आबांकडे गेलो.

आबांनी एक जुनी हिरवी मोटार दाखवली आणि गादीवर एक शेंडीचा नारळ ठेवला. "लेखक, गाडी घेऊन जा. एकच अट. बारीच्या पायथ्याशी शेंदराचा दगड आहे. तिथं थांबायचं, नारळ फोडायचा, मग चढायचं. माझी गाडी त्याशिवाय वर गेलेली नाही."

"आबा, माझं पत्रक वाचलं नाही वाटतं तुम्ही."

"वाचलं ना. प्लग पुसायला फार चांगलं आहे."

रविवारी सकाळी निघालो. आई मागच्या गादीवर, मांडीवर लाल खणात कानबाई, शेजारी रोटाच्या पिठाचा डबा. आबांचा नारळ माझ्या सीटखाली. आईला माझं चालवणं फार आवडलं. एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला तेव्हा ती म्हणाली, "जाऊ दे त्याले. आपलाकडे देव शे, त्याले काम व्हई." तापीचा गार वारा मागे पडला, शिरपूर मागे पडलं, आणि समोर सातपुडा हिरवागार उभा राहिला. दुपार कलली होती. पायथ्याशी शेंदराचा दगड दिसला. तिथे दोन ट्रक थांबले होते, ड्रायव्हर नारळ फोडत होते, इंजिनांत पाणी ओतत होते, खोबरं चघळत होते. एकाने मला हात केला. मी तत्त्वाला जागलो. भोंगा वाजवला आणि थेट वर निघालो. आरशात आईचा चेहरा दिसला. तिने एका हाताने कानबाई धरली होती आणि दुसऱ्या हाताने माझ्या वतीने नमस्कार केला होता.

अर्ध्या बारीत बॉनेटमधून वाफ निघाली. सकाळपासून सपाट रस्त्यावरसुद्धा मी निवडणुकीच्या सवयीने गाडी खालच्याच गिअरमध्ये रेटत आणली होती, आणि जिथे सगळे पाणी भरतात तिथे मी थांबलो नव्हतो. गाडीने एक लांब सुस्कारा सोडला आणि ती उभी राहिली. पाणी म्हणाल तर आईच्या तांब्यात घोटभर. मागचे ट्रक आले, पण वळणावर चढात त्यांना थांबता येईना, "पायथ्याला थांबला का नही, भाऊ?" असं ओरडून ते पुढे गेले. मी रस्त्याच्या कडेला बसलो. ऊन डोंगराच्या पलीकडच्या अंगाला सरकत होतं. नाना ओसरीवर बसून आईकडे बोट दाखवताहेत, हे मला तिथे बसून दिसत होतं. माझ्याकडे पत्रकं होती. त्यांतलं एकही त्या बारीत उपयोगाचं नव्हतं.

आई मात्र रागावली नाही. तिने मांडीवरचा खण नीट केला आणि कानबाईची गाणी म्हणायला लागली. "आता काय गातेस?" मी म्हणालो. ती म्हणाली, "नही गायं तं तिले वाटी, आपण घाबरनूत." आवाज तिचा खणखणीत. डोंगर तो परत देत होता.

थोड्या वेळाने खालच्या झाडीतून एक बाई धावत वर आली. लुगड्याचा काठ ओला, हात चिखलाचे. ती रस्त्यावर येऊन थबकली, मोटारीकडे नाही, आईच्या मांडीकडे बघत राहिली.

"व माय, आठे कानबाई कोठून उनी?"

"धुयाहून. तू कोठली व?"

ती शिरपूरकडची निघाली. लग्न होऊन बारीत आली होती. नवरा जंगलखात्याच्या लाकडांच्या ठेक्यावर कामाला. खालच्या झऱ्यावर पाणी भरत असताना तिने गाणं ऐकलं आणि हंडा तिथेच टाकून आली. मी पाण्याचं सांगताच ती फिरली, नवऱ्याला हाक मारली, आणि दोघांनी हंडे आणून आणून त्या तापलेल्या इंजिनाला पाणी पाजलं. नवरा हसतमुख माणूस. "पाव्हणे, तुमची गाडी आमच्या बैलांपेक्षा जास्त पिते," तो म्हणाला.

इंजिन निवेपर्यंत थांबणं भाग होतं. बाई आईच्या पायांशी बसली आणि बोलू लागली. सासरची कानबाई थोरल्या दिराच्या घरी, दूर चोपड्याकडे. ही दर श्रावणात निरोप पाठवते की आम्हाला वेगळी बसवू द्या, आम्हाला येणं होत नाही. जाऊ म्हणते, लाकूडतोड्यांच्या वस्तीत देवी कशाला. "आज सकायी मी घर सारवं," ती म्हणाली. "गहू दळी ठेवात. चौरंग मांडा. बठ्ठं करं, माय. फक्त तीच नही." तिने हे रडून सांगितलं नाही. बाजारात एखादी वस्तू मिळाली नाही असं सांगावं, तसं सांगितलं.

आईने मांडीवरच्या कानबाईकडे पाहिलं. मग तिने मला विचारलं, "तुन्ह्या सीटखाली सकायपासून काय घरंगळी राह्यनं?"

"आबांचा नारळ. पायथ्याशी फोडायला दिला होता."

"फोडा नही?"

"नाही. आणि फोडणारही नाही."

"बरं व्हयनं," आई म्हणाली. "आण तो."

मी तो काढून दिला. आईने तो पाण्याने धुतला, कपाळाचं कुंकू बोटाने त्याला लावलं, आमच्या काळ्या, हलक्या कानबाईला तो हळूच टेकवला, आणि त्या बाईच्या ओटीत घातला. पिठाच्या डब्यातली मूठभर कणीक वर ठेवली. बाईने ओटीवर कपाळ टेकवलं. तिचा नवरा डोक्याचं मुंडासं काढून उभा राहिला.

माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याचा मला रागही आला. "माय," मी म्हणालो, "भाऊबंद विचारतील, कुणाच्या परवानगीने दिली?"

"सांगसू, मी नही दिनी. ती आठे उतरनी. मोटार तिनीच थांबाडी, मी काय करू?"

देव कुणा एका घराच्या मालकीचा नाही, हे मी किती पत्रकांत लिहिलं होतं, आणि लिहिताना देव हा शब्द अवतरणचिन्हांत टाकला होता. माझ्यासमोर ते वाक्य ओल्या लुगड्यात उभं होतं आणि दोन्ही हातांनी ओटी धरून हसत होतं. मी पायथ्याशी थांबलो असतो तर त्या नारळाचे तुकडे झाले असते. थांबलो असतो तर गाडी तापली नसती, आणि आई त्या वळणावर गायली नसती. माझा हट्ट माझाच होता, हे मी आजही म्हणतो. पण तो कुणाच्या कामी आला, हे ठरवणारा मी नव्हतो.

हँडल मारताच गाडी सुरू झाली. दोघांनी मागून रेटा दिला. पण माथ्यावर पोचलो तेव्हाच सूर्य गेला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकली. आईने डोळे मिटले, ते भक्तीने नव्हे. सेंधव्याच्या वेशीत शिरलो तर घराघरात दिवे. माझा धीर सुटला. आईकडे वळून बघायची हिंमत झाली नाही. दादाच्या गल्लीत वळलो आणि समोर गच्च काळोख. एका खिडकीत उजेड नाही. ओट्यांवर माणसं बसलेली, बायका दारांत उभ्या, आणि मध्ये खाटेवर प्लास्टरचा पाय लांब करून आमचा दादा.

"आल्या का?" तो ओरडला. "अरे, कोणी काडी ओढायची नाही अजून!" साऱ्या गल्लीला त्याने तासभर अंधारात बसवून ठेवलं होतं. गल्लीतले मारवाडी, मुसलमान, बारेला आदिवासी, सगळे. वहिनी म्हणाली, "आत्याबाई, आमच्याकडे दिवेलागण झालेली नाही. बसवा निवांत." आई इतकी हसली की कानबाई मला धरावी लागली. तेवढा वेळ ती माझ्या हातात होती. पिसासारखी हलकी.

धुळ्याला परतल्यावर आबांनी गाडीभोवती फेरी मारली. "नारळ फोडला?"

"नाही आबा. बसवला." मग सगळं सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं, आणि त्यानंतर मला लेखक म्हणताना त्यांच्या आवाजातली थट्टा थोडी कमी झाली. थोडीच.

नानांनी आईला बरंच सुनावलं. आईने त्यांना दुसरा रोट वाढला.

मी आजही नारळ फोडत नाही. ते पत्रक मी मागे घेतलेलं नाही, फक्त पुढच्या छपाईत एक परिच्छेद वाढवला, आणि तो नीट जमला नाही. शरण जाणं म्हणजे मान वाकवणं असं मला वाटायचं, म्हणून मी ताठ राहायचो. आता एवढंच वाटतं, की आपल्या सीटखाली जे घरंगळत असतं ते कुणासाठी आहे, हे आपल्याला ठाऊक नसतं, आणि वेळ आली की ते काढून द्यावं. त्या बारीत मला थांबवल्याबद्दल मी कृतज्ञ आहे. कुणाविषयी, हे मला अजून नीट लिहिता येत नाही.

पुढल्या श्रावणातल्या मंगळवारी एक ट्रकवाला आमचं घर विचारत आला. बारीतल्या बाईने एक पुडकं दिलं होतं. आईने ते सोडलं. आत एक रोट होता, जाड, खरपूस, थोडा वाळलेला. आईने तो कपाळाला लावला. मग तिने त्याचा तुकडा मोडला आणि माझ्यापुढे धरला.

"खाय," ती म्हणाली. "तुन्ही बहीननं घरना शे."

मी खाल्ला.