आक्काचा फॉर्म

"पाच लिही की गं. इचार काय करतीस?" मी वाक्य पुरतं वाचायच्या आत आक्का असं म्हणायची.

आक्का तृतीयपंथी. मूळची निमोण्याची, राहायला दौंडला. मी शिरूरच्या एका छोट्या संस्थेत. तिच्यासारख्या लोकांच्या मनाची उभारी मोजायचं काम आमच्याकडे आलं होतं. पंचवीस वाक्यं, प्रत्येकाला एक ते पाच गुण. "संकटातून मी लवकर सावरते." अगदी खरं असेल तर पाच.

"मन मोजाय काटा आणलाय व्हय?" आक्का हसली होती. "कारखान्यावर उसाची गाडी चढवत्यात तसा?"

पण माणसं तिनंच आणून दिली. नाहीतर माझ्यापुढं कोण बसणार होतं, तुम्हीच सांगा! वरवंडचा एक ट्रकवाला, बायकापोरांचा धनी, जीव मात्र एका पुरुषात अडकलेला. "घरात मला मन मोकळं करता येतं" हे ऐकलं आणि तो ढसाढसा रडायला लागला. मी मूर्ख, पेन धरून आकड्याची वाट बघत बसले. आक्का खेकसली, "ठिव ते पेन! माणूस रडाय लागल्यावर फारम भरत्यात व्हय?"

ज्यांचे गुण कमी, त्यांना पुण्याहून येणाऱ्या समुपदेशक बाईंकडे पाठवायचं, असा नियम. बाई महिन्यातून एकदाच यायच्या, मोजक्याच लोकांना भेटायच्या. म्हणून आक्काचे सगळे पाच. "माझी जागा त्या ट्रकवाल्याला दे," म्हणायची. "मला काय धाड भरलीय?"

मग तिची आई गेली. भावाचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होते. "थोरला तूच हाईस. दहाव्याला ये, पण पॅन्ट-शर्टात. डोकं भादरावं लागंल. साडीत आलास तर शिवंवरनंच माघारी फिर."

आक्काचे केस कमरेपर्यंत होते. नऊ वर्षं जपलेले. सकाळी अर्धा तास विंचरत बसायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. मी म्हणाले, "जाऊ नकोस, आक्का."

"आईला पानी द्याचं न्हाई, मग लेकरू कशाची मी?"

गेली. परत आली ती डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळून. "जेवायला तरी वाढलं का गं?" मी विचारलं.

"वाढलं की. गोठ्यापाशी."

त्याच आठवड्यात फॉर्मची दुसरी फेरी होती. पुढं ढकलता आली असती, मी ढकलली नाही. काम उरकायची घाई, दुसरं काय! "मी जशी आहे तशी मला आवडते," मी वाचलं. तिनं डोक्यावरची ओढणी आणखी आवळली. मग म्हणाली, "पाच." आणि मी, आग लागो माझ्या हाताला, पाच लिहिलं. सांगतील तेच लिहायचं, असं आम्हाला शिकवलं होतं.

महिन्याभरात तिची खोली रिकामी. फोन बंद. दौंडात कुणालाच काही सांगून गेली नव्हती. पुण्याच्या बैठकीत अहवाल वाचला, तेव्हा साऱ्या गटात तिचेच गुण सगळ्यांत जास्त निघाले. टाळ्या वाजल्या. मी बाहेर जाऊन रडले.

शेवटी वर्षभरानं तिला शोधत निमोण्याला गेले. भाऊ दारातच म्हणाला, "आमच्यात असं कुणी न्हाई." फाट्यावर एसटीची वाट बघत उभी होते, तर त्याची बायको धापा टाकत मागनं आली. हात पिठाचे.

"ताई, त्यांचं केस आलं का वो परत?"

"आलेत," मी म्हणाले. "पार मानेपर्यंत."

खोटं बोलले मी. ती केवढी हसली!