नकाशावरचं दुसरं नाव
ग्वाल्हेरच्या पाटणकर बाजारातून आणलेली सरसोंच्या तेलाची बाटली उघडली आणि त्या उग्र वासाबरोबर मोहरीची ती पिवळी शेतं समोर आली. जुने कागदी नकाशे कॉम्प्युटरवर चढवून एकात एक जोडायचं काम तेव्हा चालू होतं, ॲम्ब्युलन्सला लहानसहान वस्त्याही सापडाव्यात म्हणून. जागा टिपायचं यंत्र घेऊन मी ग्वाल्हेरजवळच्या एका सात घरांच्या वस्तीत गेले. कडुनिंबाखालच्या हातपंपावर दिवस भरत आलेली एक सून पाणी भरत होती. वस्तीचं नाव विचारलं तर तिने घुंघटातून नुसती नकारार्थी मान हलवली. मी पुन्हा विचारलं, मग जरा चिडूनच. तेव्हा खाटेवरच्या म्हाताऱ्याकडे नजर टाकून ती कुजबुजली, "ससुर हैं हमारे. इन्हीं के नाम पे है." सासऱ्याचं नाव सून कसं घेणार! मला हसू आलं, पण ती हसली नाही. "दर्द उठेगा तो फोन पे क्या बताऊँगी, जीजी?" म्हाताऱ्याने ऐकलं असावं. तो खाकरून मला म्हणाला, "कह दो इससे, ले ले नाम. मैं कान मूँद लूँगा." तरी तिची मान नकारार्थीच हलली. मग मी नकाशात त्या जागेला दुसरं नाव दिलं: नीमवाला हैंडपंप. पोटावर हात ठेवून तिने ते तीनदा घोकलं. पुढे तिच्यासाठी गाडी वेळेवर पोचली, हे ड्रायव्हरनेच सांगितलं. वस्तीचं खरं नाव मला अजून पाठ आहे, पण हे लिहिताना, का कोण जाणे, मलाही ते घेववत नाही.